चिखलीत सर्फबोर्ड तासताना

मशीन फिरलं आणि फोमचा एक ढलपा उडून थेट माझ्या चहात पडला. सुनीलनं डोक्याला हात लावला.

"काका, संपलं सगळं!"

"काही संपलं नाही बे. शेपटीकडचा हा भाग कापूनच टाकायचा आहे."

चिखलीत माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. दिवाण, कपाटं, दरवाजे. सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी, मी फक्त टीव्हीवर पाहिली होती. आमच्याकडे लाट येते ती उन्हाची, आणि तिच्यावर कुणी उभं राहत नाही.

सुनील साखरखेर्ड्याचा, गोव्यातल्या एका सर्फिंग स्कूलमध्ये कामाला. बायको इकडे गावात शिक्षिका. स्कूलच्या मॅडमनी त्याला फोमचे दोन ब्लँक, म्हणजे कच्चे ठोकळे, दिले होते. एक नमुना नीट तासून पाठवला तर पुढचे बोर्ड गावीच तासायचे. वरचं फायबरचं काम तिकडे होणार. नमुना नापास झाला तर सुनील पुन्हा गोव्याला आणि संसार फोनवर.

प्रश्न होता पॉवर प्लॅनरला, म्हणजे विजेवरच्या रंध्याला, काय लावायचं. लाकडाला आम्ही सरळ पातं लावतो. ते फोम कापत नव्हतं, उचकटत होतं. मग स्पायरल कटर लावला. त्याच्यावर एका लांब पात्याऐवजी बारीक पाती तिरकी बसवलेली असतात. ढलपे लहान झाले, पण पृष्ठभाग देवी आल्यासारखा दिसायला लागला. शेवटी ग्रिट ड्रम मागवला. हा पात्याच्या जागी बसणारा रोलर, अंगावर खरखरीत दाणे. त्यानं फोमचं पीठ पाडलं. पीठ! मी टाळीच वाजवली.

पण ब्लँकच्या मधोमध मजबुतीसाठी लाकडाची पातळ पट्टी उभी चिकटवलेली असते. ड्रम फोम खाई आणि पट्टीवर नुसता घासे. पट्टी जळक्या वासासकट वर राहिली, पाठीच्या कण्यासारखी.

"आता?" सुनील म्हणाला.

"आता जेवण," मी म्हणालो. ही माझी चूक.

आम्ही परत आलो तेव्हा देविदास मिस्त्री घाम पुसत उभे होते. माझे सगळ्यात जुने कारागीर. चेहऱ्यावर समाधान असं, की मी आधी ब्लँककडे पाहिलं.

"भाऊ, माल वाकडा आला होता. सरळ करून टाकला."

सर्फबोर्डाचं नाक मुद्दाम वर वळवलेलं असतं, नाही तर ते लाटेत घुसतं. मिस्त्रींनी वर आलेलं नाक गुण्यात, म्हणजे एका सरळ रेषेत, आणलं होतं. तीन बोटं जाड टोकाचा पापड झाला होता.

"मिस्त्री, काऊन हात लावला तुम्ही?"

"वाकडी फळी पाहून हात बांधून बसू काय? उद्या म्हणाल, मिस्त्रीले दिसत नाही!"

"अहो, ते वाकडंच असते!"

"मंग सांगा लागत होतं ना. तुम्ही तर जेवाले गेले."

सुनील एका स्टुलावर बसला. बायकोचा फोन वाजला, तो त्यानं उचलला नाही. मी तेवढ्यात सगळं वर्कशॉप डोक्यावर घेतलं. मिस्त्रींवर ओरडलो, ड्रमवर ओरडलो, समुद्रावरही ओरडलो.

ओरडून दमल्यावर त्या बिघडलेल्या नाकावरून हात फिरवला. मधली पट्टी फोमशी अगदी समतल लागली.

"मिस्त्री, पट्टी कशानं उतरवली?"

"हातरंध्यानं. एवढुशा पट्टीले मशीन कायले?"

आम्ही सगळे मशीनला काय लावायचं याच्यावरच भांडत होतो. पट्टीसाठी मशीन बाजूला ठेवायचं, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

दुसरा ब्लँक सुनीलनं तासला. फोमला ड्रम, पट्टीला बारीक हातरंधा, पुन्हा ड्रम. नाकाशी पोचला की तो मिस्त्रींकडे बघायचा आणि मिस्त्री तोंड फिरवून घ्यायचे. त्यांना ते वाकडेपण खरंच पाहवत नव्हतं.

नमुना पास झाला. सुनील आता साखरखेर्ड्यातच पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड तासतो आणि त्याची बायको कपड्यांवरच्या फोमच्या पिठाबद्दल तक्रार करते.

कटर कोणता घ्यावा, असं आता मला कुणीही विचारतं. मी सांगतो, फोमला ग्रिट ड्रम घ्या. पण त्याच्या आधी वस्तू सरळ हवी की वाकडी, हे वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला सांगा. मगच जेवायला जा.