दुसरी वायर

आमच्या घरात एखादं साधं काम काढलं, की त्यात चारही माणसं हात घालतात. संध्याकाळी बघावं तर काम होतं तिथंच आणि किस्से मात्र ढीगभर! लग्न होऊन मला सातच महिने झालेत. मी मुळात कमी बोलते, त्यामुळं बघायला आणि ऐकायला भरपूर वेळ मिळतो. माहेरच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "सासर कसंय गं?" मी म्हणते, "थांब, आधी वायरीचं सांगते."

तर वायरीचं.

*

माझ्या पप्पांचं जिंतूरला टीव्ही दुरुस्तीचं आणि डिश बसवायचं दुकान आहे. लेकीला काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून त्यांनी रेकॉर्डिंगचा डिश बॉक्स आणला आणि आईनं तो थेट रुखवतात मांडला! एका बाजूला लाडवांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मण्यांचं तोरण, मधोमध काळा बॉक्स आणि त्यावर क्रोशाचा रुमाल.

वालूरहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका वाकून वाकून बघत होत्या.

"हे काय हाय माय? जेवणाचा डबा हाय का?"

"डब्याला वायर कशाला आसंल?"

"गरम राहायला!"

पप्पांनी जावयाला बाजूला घेऊन नीट समजावलं. या बॉक्सला मागं दोन तोंडं आहेत. गच्चीवरच्या छत्रीपासून दोन वेगवेगळ्या वायरी ओढायच्या, म्हणजे एक कार्यक्रम बघता बघता दुसरा रेकॉर्ड होतो. शेजारीच बँड वाजत होता. आमच्या ह्यांनी तीनदा मान हलवली.

रात्री मी विचारलं, "पप्पा काय म्हणत होते?"

"जेवून घ्या म्हणले."

*

वालूरच्या घरी छत्रीपासून एकच वायर आलेली होती. ह्यांनी तीच बॉक्सला लावली. झालं! आत्याबाईंची साडेसातची मालिका रेकॉर्ड व्हायला लागली की मामांना बातम्या लावता येईनात. (आमच्याकडं सासूबाईंना आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना अजून "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात.)

मी ह्यांना हळूच म्हटलं, "दोन वायरी लागतात."

"लावतो की!" असं म्हणून ह्यांनी माळ्यावरच्या डब्यातून जुन्या केबलचा एक जोड शोधून काढला. एका बाजूनं एक वायर घालायची, दुसऱ्या बाजूनं दोन निघतात. बॉक्सची दोन्ही तोंडं भरली. हे खूश!

संध्याकाळी मामा बातम्या बघत बसले. निवेदक हातवारे करून तावातावानं बोलत होता. साडेसात वाजले, मालिकेचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि निवेदक वाक्याच्या मध्येच गायब! पडदा निळा. आठला मालिका संपली तसा तो परत आला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तोंडं दोन भरली, पण छत्रीपासून येणारी वायर शेवटी एकच!

मामांनी रिमोट खाली ठेवला. आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "मला तर पस्तीस वर्षं बोलू दिलं न्हाईस. आता ह्या बातम्यावाल्यालाबी सोडंना झालीस?"

सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी आत्याबाई ओट्यावर शेजारच्या शकुंतलाकाकूंना सांगत होत्या, ते मला चुलीपर्यंत ऐकू आलं.

"चांगलाय हो बॉक्स, पण अर्धाच चालायलाय. जिंतूरवाल्यांनी दिलेला हाय."

त्या दिवशी माझी भाकरी करपली. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच.

*

त्याच आठवड्यात बातमी आली. आत्याबाईंच्या भजनी मंडळाचं सेलूला एका चॅनलवाल्यांनी शूटिंग केलं होतं. ते पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला लागणार होतं. एकदाच!

आत्याबाईंनी देवळात जाहीर करून टाकलं, "समद्या आमच्याकडं या. आमच्या सुनंच्या बॉक्समधी रेकॉर्डिंग हाय. दहादा लावून बघा." अकरा बायका कबूल झाल्या.

इकडं मामांनी पारावर जाहीर करून ठेवलेलं, "रविवारी सातला फायनल मॅच हाय. समदे आमच्याकडं या." पाच म्हातारे कबूल झाले होते.

घरात आल्यावर दोघांना एकमेकांचं कळलं.

"फायनल काय रोज हुती का?" मामा म्हणाले.

"मग मी काय रोज टीव्हीत येते का?" आत्याबाई म्हणाल्या.

हे मध्ये पडले. "भांडू नका. मॅच चालू ठिवायची आन् भजन रेकॉर्ड करायचं. हिच्या पप्पांनी दिलेल्या बॉक्समधी दोन्ही हुतंय."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. मी मेथी निवडत होते. मी मान हलवली आणि निवडत राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर पानं केरात टाकली होती आणि ताटात सगळ्या काड्या!

म्हणजे आता रविवारी भजन गेलं, तर अकरा बायकांच्या तोंडी माझं माहेर.

*

डिशवाल्याला फोन केला. त्यानं "निघालोच" म्हटलं तो सोमवार होता.

मंगळवारी फोन केला तर म्हणाला, "पालमला अडकलोय." बुधवारी म्हणाला, "रस्त्यातच हाय." गुरुवारीही तो रस्त्यातच होता. शेवटी मामांनी फोन हातात घेतला.

"कोण्या रस्त्यात हायस बाबा? मी जिल्ह्यातल्या समद्या रस्त्यांवर डबल घंटी मारलेली हाय. कोणता थांबा आला ते सांग, पोचायचा टाइम मी सांगतो."

शुक्रवारी सकाळी माणूस दारात!

गच्चीवर जाऊन त्यानं छत्रीचं सिग्नल पकडणारं जुनं डोकं काढलं आणि दोन वायरींचं नवं बसवलं. वायरीचं भेंडोळं ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ओढून घ्या तुमी. वायर काय, कुणीबी ओढतंय. मला चारठाण्याला जायचंय."

*

शनिवारी वायर ओढायची ठरली. हे गच्चीवरून वायर सोडणार आणि मामा मागच्या बोळात उभं राहून ती ओढून घेणार. पण शेजारी पिठाची गिरणी. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाईना.

मामांनी तोड काढली. "हे बघ, मी वायर एकदा ओढली की थांबायचं. दोनदा ओढली की चल. साधी एसटीची घंटी हाय."

काम झकास सुरू झालं. टक टक, वायर खाली. टक, थांबली. टक टक, पुन्हा खाली. पुरेशी झाल्यावर मामांनी एकदा ओढून थांबवली, वायरीचं टोक कुंपणाला अडकवलं आणि चहा प्यायला आत आले.

मी कप भरला. मामांनी बशीत ओतला, फुंकला, अर्धा प्याले. मी खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर बोळात वायर पडतच होती. वेटोळ्यांवर वेटोळी! आणि टोकाला शकुंतलाकाकूंची शेळी. वायर तोंडात धरून मानेला हिसके देत होती. दोन हिसके. जरा थांबायची. पुन्हा दोन.

मामा पळत बाहेर गेले. नेमकी तेव्हाच गिरणी थांबली. "आरं, किती सोडायलास?"

वरून हे ओरडले, "तुमीच तर डबल घंटी मारायलाव!"

"मी चहा प्यायलोय आत!"

हे कठड्यावरून वाकले. खाली पाहिलं. शेळीनं वर पाहिलं.

मामांनी तिच्या तोंडातून वायर काढून घेतली आणि अगदी ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "चला, शेवटचा स्टॉप आला. उतरा!"

*

पुढं भिंतीतला पाइप. जुनी वायर त्यातूनच आत आलेली, त्यामुळं नवी अर्ध्यात जाऊन अडकली. नवं भोक पाडावं तर पलीकडं देवघर, आणि "देवाच्या डोक्यावर खटखट न्हाई पाहिजे," ही आत्याबाईंची ताकीद. ह्यांनी ढकललं, मामांनी ओढलं, दोघं घामाघूम झाले.

आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बांगडी हातात अडकली की कासार काय करतो?"

दोघं वायर ओढतच राहिले.

"साबण लावतो," मी आतून म्हटलं.

"हां. माझी सून हुशार हाय. तुमचं सांगता येत न्हाई."

ओला साबण चोळल्याबरोबर वायर सर्रकन आत आली, ती थेट टीव्हीपर्यंत. घरातला एकमेव साबण चंदनाचा होता. आमच्याकडं हल्ली बातम्यांनासुद्धा चंदनाचा वास येतो.

*

रविवारी साडेसहा. पाच म्हातारे सोफ्यावर, अकरा बायका सतरंजीवर, आणि टीव्हीवर अक्षरं, "दुसरा सिग्नल नाही."

ह्यांनी वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवला होता. काढला, बसवला, पुन्हा काढला. पक्कड घेतली, चाकू घेतला. सिग्नल नाही. पावणेसात झाले. डिशवाल्याला फोन लावला. तो रस्त्यात होता.

बायकांत कुजबुज सुरू झाली. आत्याबाई सारखा पदर नीट करत होत्या. त्यांनी आज ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शूटिंगच्या दिवशी नेसलेलं तेच.

मी पोह्यांचं पातेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि बाहेर आले. "ब्लेड आहे का?"

मामांनी दाढीचं ब्लेड दिलं. मी टोक कापून टाकलं. वरचं साल बोटभर सोललं, आतली बारीक तारांची जाळी मागं दुमडली. तिचा एकही केस मधल्या तारेला लागू द्यायचा नाही, तिथंच ह्यांचं चुकत होतं. मधली तार स्वच्छ केली, कनेक्टर पिळून घट्ट बसवला आणि वायर बॉक्सला लावली. पप्पांच्या दुकानात सातवीपासून मी हेच केलेलं.

दोन्ही सिग्नलच्या हिरव्या पट्ट्या पडद्यावर भरल्या.

मामा म्हणाले, "सूनबाई, तुला हे येतंय?"

"हो."

"मग इतके दिस कामून बोलली न्हाईस?"

"कुणी विचारलंच नाही."

आत्याबाई फणकारल्या, "पोहे करतीस का म्हणून तरी कुणी विचारलंय? ते करतीस की न विचारता!" मग अकरा बायकांकडं वळून ठसक्यात म्हणाल्या, "जिंतूरची हाय."

*

सातला मॅच सुरू झाली आणि आत बॉक्समध्ये गुपचूप भजन भरत गेलं. बायकांनाही मॅच बघावी लागली. शेवटच्या षटकात तर टाळ कोणी वाजवले, ते मी सांगणार नाही.

मग भजन लावलं. कॅमेरावाल्याचं सगळं लक्ष पेटीवर. आत्याबाई दिसल्या त्या जेमतेम चार सेकंद. डोळे मिटलेले, टाळ छातीशी, मान एका बाजूला. बायकांनी ते दहादा लावायला लावलं. मामा तेवढ्यात उठून बाहेर गेले. जाता जाता म्हणाले, "त्यात काय बघायचं? घरी रोजच ऐकतो."

आत्याबाईंनी टाळ पिशवीत टाकले.

सोमवारी सकाळी त्या देवळात गेल्या होत्या आणि हे कामावर. मी चहा घेऊन बाहेर आले. मामा टीव्हीपुढं खुर्ची ओढून बसले होते, अगदी जवळ. आवाज बंद. पडद्यावर आत्याबाई. चार सेकंद झाले की मामा बटण दाबायचे, मागं न्यायचे. पुन्हा चार सेकंद. पुन्हा मागं.

माझी चाहूल लागली तसे दचकले. रिमोट मांडीखाली सरकवला.

"वायर नीट बसली का, ते बघायलोय."

मी चहा त्यांच्याजवळ ठेवला.

"बसलीय का मामा?"

त्यांनी रिमोट परत बाहेर काढला.

"आताच कसं सांगावं? आणखी चार-दोनदा बघावं लागंल."