बाहेरचा फिल्टर

सुमतीला ‘हे तुला जमणार नाही’ असं तोंडावर म्हणायचं धाडस तिच्या घरात कोणी करत नसे. म्हटलं की ती ते करणारच, हे सगळ्यांना ठाऊक. अशाच कोणाच्या तरी बोलण्यावरून ती चाळिशीत पोहायला शिकली होती. अशाच बोलण्यावरून तिने उरण रस्त्यावरच्या कंटेनर यार्डात गेटवरची नोकरी धरली, जिथे दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालावी लागते आणि आवाज चढवल्याशिवाय कोणी कागद दाखवत नाही. आणि पन्नाशीला टेकली तेव्हा तिने मोटारसायकल घेतली. स्कूटर नाही. साडेतीनशे सीसीची, काळी, चांगली जडशीळ मोटारसायकल. करंजाड्याच्या त्यांच्या सोसायटीतले लोक तेव्हा पार्किंगमध्ये येऊन गाडी कमी आणि सुमतीला जास्त बघून गेले.

तिचा नवरा चारुदत्त बेलापूरला एका विमा कंपनीत होता. माणूस सज्जन, पण आयुष्यभर लोकांच्या अपघातांच्या फायली चाळून त्याला सगळीकडे अपघातच दिसायचे. गाडी त्याने कशीबशी पचवली. पण सुमती पाने-पक्कड घेऊन पार्किंगमध्ये बसायला लागली, ऑइल स्वतः बदलायला लागली, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. लाखांच्या गाडीशी खेळ नको, सर्व्हिस सेंटर कशाला आहे, असं तो रोज म्हणू लागला. शेवटी एकदा जेवताना दोघांची चांगलीच जुंपली आणि त्या भरात सुमती म्हणाली, “माझ्या हातून इंजिनाला एकदा जरी काही झालं ना, तर परत पाना हातात धरणार नाही. शब्द देते.”

चारुदत्तने तो शब्द जपून ठेवला. असल्या गोष्टी जपून ठेवण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं.

पुढे तीनेक वर्षं काही झालं नाही. सुमतीला ते काम मनापासून आवडायचं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. रविवारी सकाळी खाली बसायचं, काळं ऑइल तसराळ्यात सोडायचं, इंजिनाच्या उजव्या बाजूचं गोल झाकण काढून जुना फिल्टर उपसायचा, नवा बसवायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्यांना आत-बाहेर करून दमलेली बाई त्या तासाभरात कोणाचीही कोणी लागत नसे. तिच्याकडून कोणी ते काढून घेतलं असतं तर ती आतून मोडली असती, आणि हे तिने चारुदत्तलाही कधी सांगितलं नव्हतं.

फिल्टर ती पनवेलच्या जुन्या बाजारातल्या काशीरामदादांकडून आणायची. काशीराम सुकापूरचे. मिठागरं गेली, जमीन सरकारने घेतली, भावांनी मोबदल्याच्या पैशात बंगले बांधले. यांनी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. दुकान अरुंद, बोलणं त्याहून तुटक. गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न, “कंपनीचा देऊ का बाहेरचा?” दोन्ही ठेवायचे, दोन्ही नाव सांगून विकायचे, सल्ला मात्र कोणालाच द्यायचे नाहीत. त्यांची एक रीत होती. पार्ट हातात दिला की खोका तिथेच गिऱ्हाइकासमोर फाडायचा. कंपनीचे रिकामे खोके भंगारवाले गोळा करतात, त्यात नकली माल भरून परत बाजारात येतो. आपल्या दुकानातला खोका तरी त्या धंद्याला मिळू नये, एवढाच हेतू.

सुमती नेहमी कंपनीचाच घ्यायची. एकदा मात्र बाजारात कंपनीचा फिल्टर मिळेना. तिने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, फिल्टर सुटा नाही देत आम्ही. गाडी सर्व्हिसिंगला घेऊन या ना.”

“माझी गाडी, माझा पाना, आणि फिल्टर तुमच्या मर्जीने?” सुमती म्हणाली आणि फोन ठेवला. तशीच काशीरामांकडे गेली आणि पहिल्यांदाच म्हणाली, “बाहेरचा द्या.”

हे तिच्या मोटारसायकलवाल्या ग्रुपला कळलं तेव्हा तिथे गहजब झाला. नवीन पनवेल आणि करंजाड्यातली नोकरदार मंडळी मिळून हा ग्रुप झालेला. रविवारी पहाटे निघायचं, कुठेतरी मिसळ खायची, फोटो काढायचे. त्याचा म्होरक्या सत्यजीत, सॉफ्टवेअरवाला, गाडीपेक्षा गाडीवरच्या सामानावर जास्त जीव असलेला. त्याने ग्रुपवर लांबलचक लिहिलं की ओरिजिनल ते ओरिजिनल, बाहेरचा फिल्टर म्हणजे इंजिनाला विष. सुमतीने उलट लिहिलं की कंपनी स्वतः फिल्टर बनवत नाही, कोणाकडून तरी बनवून घेते आणि आपलं नाव छापते. आतला गाळणीचा कागद चांगला असला की झालं. यावर दोन दिवस हाणामारी चालली. बाहेरच्या फिल्टरच्या बाजूने सुमती एकटी होती, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलंच होतं.

रविवारी तिने फिल्टर बसवला. सोमवारी कामावर जाताना गव्हाण फाट्याच्या अलीकडे इंजिनातून खडखड आवाज यायला लागला. तापलेल्या लोखंडाचा वास आला. तिने लगेच गाडी बंद करून कडेला घेतली. बाजूने कंटेनर धडाडत जात होते आणि ती हेल्मेट काखेत धरून उभी होती. मनात एकच होतं, चारुदत्तला काय सांगायचं.

गाडी टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला नेली. बातमी कळताच सत्यजीत तिथे हजर. चारुदत्तही ऑफिसातून आला. मेकॅनिकने उजवीकडचं झाकण काढलं, आतला फिल्टर दिसला.

फिल्टरचं भोक सुमतीकडे बघत होतं.

त्या गाडीचा फिल्टर म्हणजे मुठीएवढं नळकांडं. एका टोकाला भोक असतं, दुसरं टोक बंद. भोक आतल्या बाजूला जायला हवं, म्हणजे ऑइल इंजिनात जातं. ते बाहेर आलं की ऑइलची वाट बंद. सुमतीने फिल्टर उलटा बसवला होता, आणि का बसवला हेही तिला त्याच क्षणी आठवलं. पेणच्या तिच्या माहेरी कोणतीही नवी वस्तू आधी देवापुढे ठेवून तिला कुंकू लावायचे. कुलूप असो, कुकर असो, केरसुणी असो. आणि कुंकवाची बाजू कधी बाहेर करायची नाही, घराच्या आत घ्यायची. सुमती गाडीच्या प्रत्येक पार्टला तेच करायची. भोकावर कुंकू कुठे लावणार, म्हणून तिने बंद टोकाला बोट टेकवलं आणि सवयीने ती बाजू आत सारली. कंपनीच्या फिल्टरवर ‘बाहेरची बाजू’ अशी खूण छापलेली असायची, ती बघून ती नाइलाजाने कुंकू बाहेर ठेवायची, म्हणून आजवर निभावलं. ह्या फिल्टरवर काही छापलेलंच नव्हतं.

मेकॅनिकने फिल्टर काढून ट्रेमध्ये टाकला. “बाहेरचा टाकलाय,” तो एवढंच म्हणाला. उलट-सुलट त्याला कळलं की नाही, देव जाणे. कळलं असलं तरी गप्प राहण्यात त्याचं काही बिघडत नव्हतं.

“मी म्हटलं होतं,” सत्यजीत म्हणाला. त्याने ट्रेचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाही. “मॅडम, आता सोडायचं नाही. गाडी ठीक होऊन आली की तुमच्या पार्किंगमध्ये सगळे जमू, व्हिडिओ करू. काशीरामच्या दुकानाचं नाव घेऊन सांगा. आपल्या ग्रुपमधलं एक माणूस परत तिथे पाय ठेवणार नाही.”

चारुदत्तने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझा काही दोष नाही,” तो म्हणाला. “मालच खराब निघाला.”

तो किती मायेने बोलला हे सुमतीला कळलं, म्हणूनच ते जास्त लागलं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोष फिल्टरचा ठरला तर तिचा शब्द शाबूत राहत होता आणि पाना तिच्याच हातात राहत होता. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, पण ते पंधरा-वीस दिवस ती बसली. त्या दिवसांत ती घरात भांडलीसुद्धा नाही. चारुदत्तने दोनदा विचारलं की बरं वाटत नाही का.

मधे एकदा ती काशीरामांच्या दुकानात गेली. म्हणाली, “कंपनीचा आणि बाहेरचा, दोन्ही दाखवा.”

कंपनीचा माल एव्हाना आला होता. काशीरामांनी दोन्ही काउंटरवर ठेवले. कंपनीच्या फिल्टरवर खूण होती, दुसरा कोरा.

“यावर लिहिलेलं का नसतं?” तिने विचारलं.

“त्यावर लिवलेलं असतं, यावर नाय. हाय ते असं हाय.” काशीरामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “उलटा बसला का काय?”

सुमतीने कोरा फिल्टर उचलून परत ठेवला. काशीरामांनी फिल्टर परत खोक्यात सारले.

“तुमच्या व्हिडिओचं आलंय कानावर,” ते म्हणाले. “काय बोलायचं ते बोला. मी काय कोनाच्या पाया पडायला येनार नाय. मी तुमाला बाहेरचा सांगूनच दिला. कंपनीचा म्हनून नाय दिला.”

त्यांचा आवाज जराही हलला नाही. सुमतीला त्यांचा राग आला, कारण ते विनवण्या करत बसले असते तर तिला खोटं बोलणं सोपं गेलं असतं. मग तिला स्वतःचाच राग आला. ट्रकवाल्याने एक कागद लपवला तर त्याला गेटवर तासभर उभं करणारी ती, आणि आता स्वतः काय करत होती? एका म्हाताऱ्याचं नाव बाजारात मातीत घालून आपली रविवारची सकाळ वाचवत होती. ती रस्त्यावर आली आणि परत आत वळली.

“बाहेरचा एक द्या,” ती म्हणाली.

काशीरामांनी तिच्यासमोर खोका फाडला आणि फिल्टर तिच्या हातात दिला.

गाडी घरी आली. इंजिन उघडलेलं, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदला, असं सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं. त्याच सुमाराच्या एका रविवारी ग्रुप करंजाड्याला जमला. पार्किंगमध्ये दहा-बारा गाड्या लागल्या. वरच्या गॅलऱ्यांतून सोसायटी बघत होती. चारुदत्तने सगळ्यांसाठी चहा खाली आणला. सत्यजीतने सुमतीला तिच्या गाडीशेजारी उभं केलं, मोबाइल धरला आणि म्हणाला, “मॅडम, घडलं तसं सांगा. घाबरू नका.”

“मी कशाला घाबरू,” सुमती म्हणाली. “माझं नाव सुमती. पनवेलच्या काशीरामदादांकडून मी बाहेरचा फिल्टर घेतला. फिल्टर चांगला होता. मी तो उलटा बसवला. भोकाची बाजू आत जायला हवी, माझी बाहेर राहिली. इंजिन माझ्या चुकीने गेलं.”

चहा पिणारे थांबले. कोणीतरी मागे हसलं. सत्यजीतने मोबाइल खाली घेतला.

“हे काय, मॅडम? सगळ्यांना बोलावलं मी.” मग जरा सावरून तो म्हणाला, “पण खूण नव्हती ना त्यावर? मग दोष त्याचाच झाला की.”

“खूण नव्हती, हे खरं. तेही टाक व्हिडिओत. त्यांनी छापायला हवी, मी विचारायला हवं होतं. पण विष नव्हतं.”

“असला व्हिडिओ मी टाकणार नाही. तुमचंच हसं होईल.”

“होऊ दे. ट्रेचा फोटो तू कोणाला न विचारता टाकलास, तसा हाही टाक. आणि कापू नकोस.”

आता सगळे चारुदत्तकडे बघायला लागले. तो चहाचा रिकामा ट्रे हातात धरून उभा होता. चेहरा उतरला होता, आणि त्यात राग कमी होता. इतके दिवस आपण हिची बाजू घेत होतो आणि ही आपल्याला गप्प राहून फसवत होती, हे त्याला लागलं होतं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मला तरी आधी सांगायचंस.”

“हो, सांगायला हवं होतं,” सुमती म्हणाली. “ते चुकलं.”

“आणि तू शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

तिने खाली बसून तसराळं इंजिनाखाली सरकवलं. पिशवीतून कोरा फिल्टर काढला. त्याला कुंकू लावलेलं होतं, कारण ती सवय काही ती सोडणार नव्हती. बंद टोक सगळ्यांना दिसेल असं तिने ते बाहेरच्या बाजूला धरून ठेवलं. मग पाना उचलला.

“मोडतेय तो शब्द,” ती चारुदत्तकडे बघत म्हणाली. “खोटं बोलून तो शाबूत ठेवता आला असता.”