सुरात लावलेला कॉम्प्युटर

तमाम सातारकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर स्वहस्ते जुळवलेल्या कॉम्प्युटरचे मंगल कार्य योजिले होते. कृपया आहेर आणू नयेत, असंही मी सांगणार होतो. पण कार्यच अडलं.

माझी बायको शिरवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. साताऱ्याहून रोज एसटीनं जा-ये करून तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. साहेबांनी शेवटी घरून काम करायला परवानगी दिली. अट एकच, सोमवारी सकाळी घरी कॉम्प्युटर चालू हवा. नाहीतर नेहमीची गाडी. तयार आणू या, ती म्हणाली. मी छाती फुगवून म्हणालो, आणायचा कशाला? बनवतो.

सुटे भाग मी आणले. ते बसवायची पेटी मिरजेहून आली. माझा तिथला बालमित्र तंबोरे बनवतो. त्यानं तंबोऱ्याच्याच लाकडाची पेटी केली, हवेसाठी वेलबुट्टीची जाळी कोरली, वर पॉलिश दिलं आणि आदल्या दिवशी रेल्वेनं ती मांडीवर घेऊन आला. रविवारी सगळं आत बसवलं, बटण दाबलं, पडदा उजळला. मी दिग्विजयी मुद्रेनं आंघोळीला गेलो. येऊन ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. यंत्र इतकं शांत, की बायकोनं विचारलं, चालू आहे ना नक्की? मी म्हणालो, उत्तम यंत्राची हीच खूण.

निम्मं काम झालं आणि पडदा काळा.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा निम्म्यावर काळा. पेनड्राइव्हला शिव्या घालून दुसरा आणला. त्यावर सगळं नव्यानं उतरवून घेतलं. काळा. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, एक लावली, दुसरी लावली, जागा बदलल्या. डिस्कची केबल बदलली. खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. गॅलरीत जाऊन यायचो, तेवढ्यात काळा. मित्र बिचारा अपराध्यासारखा बशीतले पोहे चिवडत होता. लाकडाचा तर दोष नसंल ना गड्या, असं त्यानं दोनदा विचारलं. बायकोनं सोमवारची साडी इस्त्रीला घेतली. मग एसटीचा पास पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली. त्या चेनचा आवाज माझ्यासकट मदरबोर्डच्या आरपार गेला.

दुपार कलली. हताश होऊन मी पेटीवर हात टेकला आणि झटक्यात मागं घेतला. जाळीतून तव्यासारखी धग येत होती. फळी काढली. प्रोसेसरवरचा पंखा म्हाताऱ्या बैलासारखा रेंगाळत होता. त्याच्या कडेला, बारीक, पांढरा, नीट गुंडाळून बसवलेला सुती दोरा.

मी मित्राकडं पाहिलं.

"मीच दिलाय की त्यो," तो म्हणाला. "तू आंघोळीला गेल्तास तवा. लय घरघरत हुतं रं. धड सा न्हाई, धड रे न्हाई. मला च्या जाईना. दोरा दिला, मग बसलं सुरात."

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज जमवतात, हे मिरजेत जन्मलेल्या कुणालाही ठाऊक. पंख्यालाही तो चालेल, असं वाटायला मात्र तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम लागते. आणि त्या सुरेल शांततेचं सकाळपासून कौतुक करत होतो मी.

चिमट्यानं दोरा काढला. पंखा भसाभसा ओरडायला लागला. मित्रानं तोंड वाकडं करून कानांवर हात ठेवले. तिघंही पडद्यासमोर श्वास रोखून बसलो. निम्मं झालं. निम्म्याच्या पुढं गेलं. मी देव आठवत होतो, मित्र पुटपुटत होता. शेवटी पडद्यावर निळं स्वागत उमटलं, तेव्हा मित्रानं मला अशी मिठी मारली की चष्मा वाकला.

बायकोनं पर्स उघडली, पास काढला आणि कपाटात टाकला.

मला राहवेना. टेबलाशी उभा राहून मी सुरू केलं: केबलचा संशय मला कसा आला, रॅमची पट्टी कशी ओळखली, धग कशी हेरली, माझ्या जागी दुसरा असता तर. पंख्याच्या वर आवाज चढवावा लागत होता, तो मी चढवला. मित्र चिमट्यातला दोरा केराच्या डब्याकडं नेत होता, तेवढ्यात बायको त्याला म्हणून गेली:

"भावोजी, तो दोरा टाकू नका, ह्यांना लागेल."