दुसरा गाल

वहिनी गेल्याची तार भोपाळहून आली तेव्हा मी ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या कचेरीत एक बेरीज पडताळून पाहत होतो. ती बेरीज त्या दिवशी काही जुळली नाही…

छप्पन्न साली मध्य भारत मोडून नवं राज्य झालं आणि दादाची कचेरी भोपाळला निघाली. दौलतगंजातलं आमचं एकत्र घर पहिल्यांदाच फुटणार होतं. वहिनींना जायचं नव्हतं. तसं त्या बोलल्या नाहीत. फक्त सामान फार सावकाश बांधत होत्या. निघण्याच्या सकाळी त्यांच्या मुलीनं, कुमुदनं, लिंबाचं लोणचं तोंडात घातलं आणि ती गाल धरून रडायलाच लागली. अंगात ताप होता.

"दाढ दुखत असेल. चलो, गाडीत ठीक हो जाएगी," दादा म्हणाला.

वहिनींनी मुलीला पाठमोरं उभं केलं. "अहो, दाढेची सूज खाली जबड्यावर येते. ही कानापासून उतरलीय. हात लावा, जबड्याचा कोपरा लागतोय का? आणि ही कानाची पाळी बघा, कशी वर उचललीय. गालगुंड आहे. गाडीत सगळ्या कचेरीची पोरं असणार."

"झालं! डॉक्टरीणबाई बोलल्या," दादा कुरकुरला, पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दादा एकटा गेला.

सूज उतरल्यावर तो न्यायला आला. वहिनी म्हणाल्या, "दुसरा गालही धरतोय." कुमुद विव्हळली. दादानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मुकाट्यानं परत गेला. ते वाढीव दिवस वहिनी गच्चीवर सांडगे घालत, माझ्या बायकोशी गप्पा मारत हिंडल्या. त्यानंतर त्या ग्वाल्हेरला आल्या त्या पाहुण्या म्हणूनच.

परवा तेराव्याला भोपाळला गेलो, तेव्हा कुमुद रडता रडता म्हणाली, "काका, दुसरा गाल बिल्कुल ठीक होता. आईनं हात लावला, माझ्याकडे नुसतं बघितलं… मग मीच ओरडले."

दादा शेजारीच बसला होता. "मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पाळी बघायला तिनंच नव्हतं का शिकवलं?"

मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. मीही मागे गेलो. सरकारी क्वार्टरची ती अरुंद खोली. पण फळीवर डबे दौलतगंजात होते त्याच क्रमानं लावलेले होते. दादानं एक डबा उघडून पाहिला, आणि होता तिथेच परत ठेवला.