अजान संपेपर्यंत

मी धुळ्यात मागावर कापड विणतो. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, म्हणून हे लिहू शकतो. पाच वेळची नमाज कधी चुकवली नाही. तरी त्या वर्षी रोज दुवेत हात उचलून मी एकच मागत होतो: या अल्लाह, माझ्या बायकोची चोरी मला दाखव.

मैमूना शिरपूरकडच्या खेड्यातली, पिंजाऱ्याची मुलगी. माहेरी उघड्या तोंडानं कापूस वेचायची. लग्नानंतर तिला बुरखा मी घालायला लावला. त्यात दीनाची, म्हणजे धर्माची कळकळ थोडी, गल्लीतल्या लोकांची भीती जास्त. काळा दोरा संपला म्हणून शिंप्यानं बुरख्याची किनार हिरव्या दोऱ्यानं शिवली होती. त्याच सुमारास गावात तोंडी तलाकाविरुद्ध सभा झाली. काही मुसलमान बाया बुरख्याशिवाय मंचावर बसल्या. आम्ही मागवाले महिनाभर त्यांची टिंगल करत होतो. मग एक जण मलाच म्हणाला, "काय भाऊ, भाभीबी भाषण शिकायला लागल्या का? हिरव्या किनारीचा बुरखा परवा स्टँडाकडं चालला होता!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन विचारलं, "परवा कुठं गेली होतीस?"

"कोठेच नई," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचं एकही बोलणं मला खरं वाटेना.

एका दुपारी वीज गेली, माग थांबले. घराकडे वळलो तर गल्लीच्या तोंडाशी हिरवी किनार दिसली. मी मागे लागलो. पायातल्या चपला पाहिल्या असत्या तरी कळलं असतं, पण मी किनारच बघत राहिलो. स्टँडवर एक तरुण पुढे आला, त्यानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, काहीतरी म्हणाला. बुरख्यातले खांदे हसताना हलले. शिरपूरची गाडी लागलेली होती. आज लपवत नाही: तिथंच, चार लोकांत, मैमूनाचं नाव घेऊन तीनदा तलाक म्हणायचं मी ठरवलं होतं. दहा पावलं उरली होती.

तोंड उघडलं आणि जवळच्या मशिदीतून जोहरची, दुपारच्या नमाजाची अजान सुरू झाली. अजान चालू असताना बोलायचं नाही, ही आईनं लहानपणी लावलेली सवय. तोंड आपोआप मिटलं, ओठांत अजानचे शब्द येऊ लागले. अजान संपायच्या आत बाई पाणपोईकडे वळली आणि नकाब वर करून पाणी प्यायली. ती शेजारची जैबुन होती. तो तिचा भाऊ. वडील आजारी म्हणून तिला न्यायला आला होता.

घरी गेलो तेव्हा मैमूना जैबुनच्या पोरांना भाकर वाढत होती. शेजारच्या दोन घरांतल्या बायका बाहेर जाताना तिचाच बुरखा नेत. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारायचो तेच झडती घेतल्यासारखं.

मी काही बोललो नाही. आठ वर्षं नाही. गेल्या रमजानात तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"जैबुननी तुम्हले तठेच देखं व्हतं. तवयच सांगं माले," ती म्हणाली. "आठ साल वाट देखी मी तुम्हनी."

लाजेनं मी म्हणालो, बुरख्याचं यापुढे तू ठरव.

"तेबी तुम्हीच ठरायं का?" ती म्हणाली, आणि पुन्हा खाली बघून खडे वेचू लागली.

त्या दुपारला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. माझं घर माझ्या शहाणपणानं टिकलं नाही, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी अल्लाहचा शुक्र मानतो. आता मैमूना बाहेर निघाली की दारापर्यंत जातो, खुदा हाफिज म्हणतो आणि कामाला लागतो. कुठं गेली होती ते परतल्यावर ती कधी सांगते, कधी नाही सांगत.