खारं म्हणजे किती खारं?

“खारं म्हणजे किती खारं?” नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

“पस्तीस,” मी म्हणालो. “लिटरमागे पस्तीस ग्रॅम.”

त्यांचं पेन थांबलं. “बोअरचं पाणी पस्तीस? अशा पाण्यात तुमची डाळसुद्धा शिजायची नाही.”

“बोअरचं नाही मॅडम. बोअरचं दीड आहे, तेही मोजलंय. हे टाकीचं. घरात समुद्री माशांची टाकी आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझा उजवा हात पुन्हा उजेडात धरला. तर्जनीच्या मधल्या सांध्यावर एक जांभळट गाठ, मनगटाच्या वर दुसरी, कोपराच्या अलीकडे तिसरी. तिन्ही एका रेषेत, दोरी लावून आखल्यासारख्या.

“मायकोबॅक्टेरियम मरायनम असावा,” त्या म्हणाल्या. “माशांच्या पाण्यात राहणारा जंतू. क्षयाच्या जंतूच्या कुळातला आहे, पण हा क्षय नव्हे. तपासणीआधी मी शिक्का मारणार नाही. पण एवढ्या दिवसांत हात कशात जातो, हे तुम्हाला कुणीच विचारलं नाही?”

विचारलं होतं. दोन डॉक्टरांनी विचारलं होतं आणि मी दोघांनाही खरं उत्तर दिलं होतं. तरीही अकरा आठवडे गेले. ते कसे गेले, हे ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांना कळावं म्हणून लिहितो आहे.

मी आखाडा बाळापूरच्या बाजारात मापाडी आहे. हळदीची पोती काट्यावर चढतात, मी वजन बघतो, शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर आकडा लिहितो. वय एक्कावन्न. मोजण्याची सवय धंद्याची आहे, पण ती घरातही माझ्या मागे येते.

समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी उलटली होती. त्यानंतर चार वर्षं वाचून, विचारून दोनशे लिटरची टाकी बसवली. शुद्ध केलेलं पाणी, त्यात समुद्री मीठ, समुद्रातले सच्छिद्र दगड आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. रोज सकाळी तापमान आणि खारटपणा वहीत लिहायचो. सव्वीस अंश, पस्तीस. सव्वीस अंश, पस्तीस. वहीच्या पानांवर याहून सुंदर काही मला कधी दिसलं नाही.

बायको, वंदना, टाकीला “तुमचा समुद्र” म्हणते. पाहुणे आले की दर वेळी एकच गोष्ट घडायची. मासे बघून झाले की प्रत्येक जण विचारायचा, “खरंच खारं हाय का हो?” आणि टाकीत बोट बुडवून चाटायचा. मी कौतुकानं बघत राहायचो. असं किती जणांनी केलं, त्याचा आकडा मात्र माझ्याकडे नाही.

एका रविवारी मी दगड हलवायला हात घातला. दगडाखाली एक लांबट, गुलाबी किडा राहतो. त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या धाग्यासारखे बारीक काटे असतात. ते तर्जनीत शिरले. त्याच वेळी दगडाची धार लागून सांध्यावर छोटी चीर पडली. काटे मी चिकटपट्टी लावून उपटले, ते बरोबर केलं. पुढचं चुकलं.

चीर चुरचुरत होती. आमच्याकडे कुणाचंही लेकरू पडलं की आई मिठाचं पाणी आणते. घसा बसला, मिठाचं पाणी. दाढ दुखली, मिठाचं पाणी. मिठात कैरी वर्षभर टिकते, तर जंतू कसा टिकेल? असा हिशेब करून मी ते बोट टाकीतच धरून ठेवलं. वहीत नोंद आहे: ‘बोटाला काटे. हात टाकीत धरला, दहा मिनिटं.’

चोविसाव्या दिवशी सांध्यावर मसुरीएवढी पुटकुळी आली. दुखत नव्हती, म्हणून मीही मनावर घेतली नाही. बाजारात आमचे हमाल गंगाधर यांनी मात्र पकडलं.

“दादा, दिवसभर हळदीच्या ढिगावर बसून राहिले अन् बोटाला हळद न्हाई? काहून?”

“लावतो.”

“लावतो न्हाई, आत्ता लावा. हळद काय परदेशातून आणायची हाय का?”

नऊ दिवस हळद लावली. गाठ वाढत गेली आणि बोट इतकं पिवळं झालं की गाठीचा मूळ रंग कुणालाच दिसेना.

गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. त्यांनी विचारलं, “हात कशात असतो?” मी म्हणालो, “खाऱ्या पाण्यात, रोज.” ते म्हणाले, “ते तर आपल्या सगळ्यांचंच आहे.” पाच दिवसांच्या गोळ्या आणि मलम दिलं.

इथे चूक कुणाची, हे मी बराच काळ शोधलं. आमच्या भागात खारं पाणी म्हणजे बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, ते खारं. तो शब्द गावाचा आहे. घरात टाकी आल्यापासून माझ्यापुरता त्याचा अर्थ बदलला होता, आणि तो बदल मी कुणाला कळवलाच नव्हता. मी समुद्र म्हणालो, त्यांनी बोअर ऐकलं.

हिंगोलीच्या हाडांच्या डॉक्टरांकडेही तेच झालं. बोट वळेना म्हणून गेलो होतो. एक्स-रे स्वच्छ. युरिक अ‍ॅसिड, म्हणजे ज्यानं सांधे सुजतात तो रक्तातला घटक, प्रमाणात. “पाण्यात काम असतं का?” “हो, खाऱ्या.” त्यांनी मान डोलावली. सांध्याची सूज समजून सोमवारी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण जंतूशी लढण्याची शरीराची ताकदही त्या जागी कमी करतं. हे मला नंतर कळलं.

शनिवारी मी बाह्या दुमडून भाजी निवडत होतो. वंदनानं माझा हात धरला.

“आवं, ही गाठ कवाची?”

“कोणती?”

“ही. अन् ही वरची. तुमाला माशाचं शेपूट जरा वाकडं झालं तर कळतं, सोताच्या हाताला तीन गाठी आल्या ते न्हाई कळत?”

“सोमवारी इंजेक्शन आहे.”

“सुई ऱ्हाऊ द्या. आदी कातडीच्या डॉक्टरला दाखवा. सांध्याची गाठ चालत कोपरापर्यंत येती का?”

सोमवारी हिंगोलीऐवजी नांदेडला गेलो, आणि बाईंनी तो एक शब्द जास्त विचारला: किती?

बायोप्सी झाली. म्हणजे सुन्न करून गाठीचा छोटा तुकडा तपासणीला काढतात. बाईंनी प्रयोगशाळेच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘तीस अंशालाही वाढवून बघा.’ मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “नेहमीचे जंतू सदतीस अंशाला वाढवतात, शरीराच्या आतल्या उष्णतेला. याला ती ऊब सोसत नाही. म्हणून हा बहुतेक हातापायांच्या कातडीजवळ राहतो. न सांगता पाठवलं तर अहवाल कोरा येऊ शकतो.”

घरी येऊन मी टाकीचा थर्मामीटर पुसून बोटांच्या मधे धरला. एकतीस. म्हणजे या पाहुण्या जंतूनं आपल्याला मानवणारी खोली बरोबर शोधली होती. खरं सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा कौतुक जास्त वाटलं.

भीती एमआरआयच्या दिवशी वाटली. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या साहाय्यानं आतल्या मऊ भागांचं चित्र काढणं. बाहेरच्या बाकावर दोन तास दहा मिनिटं बसलो. बाईंनी आधीच सांगितलं होतं, “जंतू सांध्यात शिरला असेल तर शस्त्रक्रिया करावी लागेल. बोट पुरतं वळेलच असं सांगता येणार नाही.” मापाड्याचं उजवं बोट. बाकावर बसून मी डाव्या हातानं एक ते दहा आकडे लिहून बघितले. सात आणि एक मला स्वतःलाच वेगळे ओळखू येईनात. ज्याच्या आकड्यावर शेतकऱ्याचा वर्षाचा माल ठरतो, त्यानं असे आकडे लिहिले तर त्याला काट्यावर कोण उभं करील?

अहवाल आला: बोट वळवणाऱ्या दोरीसारख्या कंडरेच्या आवरणाला सूज आहे, सांधा वाचला आहे. बाई म्हणाल्या, “गोळ्यांवर बघू. पण हा जंतू सावकाश वाढतो, सावकाशच मरतो. घाई करायची नाही.”

दोन औषधं सुरू झाली. क्लॅरिथ्रोमायसिन, जंतूची वाढ रोखणारं. त्यानं दोन महिने तोंडात तांब्याची नाणी ठेवल्यासारखी चव राहिली. आणि एथॅम्ब्युटॉल, क्षयातही देतात ते. त्याचा डोळ्यांवर, विशेषतः रंग ओळखण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला डोळे तपासले. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे वाचायचे असतात. त्या एकाच तपासणीत मला कुणी घाबरवू शकलं नाही.

क्षयाच्या कुळातला म्हटल्यावर मी आपण होऊन ताट-पेला वेगळा केला होता. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. “हा माणसाकडून माणसाला लागत नाही. तुमच्या पेल्याला नाही, टाकीला भ्या. गाळणीचा स्पंज कुठे धुता?”

तो वंदना स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची.

जंतू वाढून अहवाल यायला एक्केचाळीस दिवस लागले. बाईंचा अंदाज बरोबर निघाला.

दर रविवारी मी मूठ वळवायचो आणि बोटाचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते पट्टीनं मोजायचो. पहिल्या रविवारी अडतीस मिलिमीटर. पुढचे तीन रविवार अडतीस. चौथ्यांदा तोच आकडा आला तेव्हा मी पट्टी फेकली. वंदनानं ती उचलली. “रोज रोपटं उपटून मूळ बघितलं तर ते वाढतं का? आता आकडा मी लिहीन. तुमी नुसती मूठ वळवा.” सहाव्या रविवारी तिनं छत्तीस लिहिलं. मग एकतीस. मग बावीस.

या काळात टाकीचं काय करायचं, यावर घरात बोलणं झालंच. ती म्हणाली, “फेका म्हणणार न्हाई. माशांची काय चूक? पर उघडा हात गेला तर मी सोता विकून टाकीन.” आता टाकीशेजारच्या खिळ्याला कोपराच्या वर जाणारे रबरी हातमोजे आहेत. हाताला साधा ओरखडा असला तरी त्या दिवशी मोज्यातूनही हात जात नाही. काम संपलं की साबणानं कोपरापर्यंत धुणं. पाणी काढायची नळी डिझेल काढतात तशी तोंडानं ओढायची नाही. टाकीतलं काहीही स्वयंपाकघरात न्यायचं नाही. काही बटणासारख्या प्रवाळांत जहाल विष असतं, म्हणून दगड स्वच्छ करायला कधी उकळायचे नाहीत. वाफेतूनही बाधा होते. काटेरी माशानं डंख मारला तर भाजणार नाही पण सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून लगेच दवाखाना गाठायचा. आणि दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे: ‘माझ्या घरी समुद्री माशांची टाकी आहे.’ खारं पाणी म्हणू नका.

औषध सुरू झाल्यापासून एकशे अडुसष्टाव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या. त्या रविवारी पट्टीवर तीन मिलिमीटर होते. बाई म्हणाल्या, “हे तीन कदाचित राहतील.” राहू देत. पेन धरता येतं, सात आणि एक वेगळे दिसतात. काट्यावर उभा आहे. कुणी म्हणालं, ‘माल वाळलेला हाय,’ तर विचारतो, किती? पूर्वीही विचारायचो, पण आता उत्तर ऐकेपर्यंत थांबतो.

गावातल्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. चूक अर्धी माझी होती. त्यांनी माझं बोट स्वतः वळवून बघितलं. मग म्हणाले, “टाकी दाखवाल का?”

संध्याकाळी आले. काचेला नाक लावून उभे राहिले. मासे दगडाआडून बाहेर आले, आत गेले. मग त्यांनी तेच विचारलं जे सगळे विचारतात. “खरंच खारं आहे का हो?” आणि बोट पुढे केलं.

“आवं डॉक्टर!” वंदना आतून ओरडली. “तुमीबी?”

त्यांनी हात मागे घेतला आणि लाजून हसले. वंदनानं स्टीलची वाटी आणून त्यांच्यापुढे धरली. घरातलंच मीठ, पिण्याचं पाणी, सकाळी मी तोलून केलेलं. पाहुण्यांसाठी आता तीच असते.

डॉक्टरांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. तोंड वेडंवाकडं झालं.

“एवढं?”

“पस्तीस,” मी म्हणालो.