रागावल्या का?

माझ्या थोरल्या बहिणीला देताना देवाने दोन बाबतींत हात सैल सोडला: बुद्धी आणि आवाज. बुद्धीच्या जोरावर ती डॉक्टर झाली. आवाजाच्या जोरावर तिला वरच्या मजल्यावरून कुणाला बोलवायला कधी जिना चढावा लागला नाही.

अवघड बाळंतपणं हा तिचा विषय. इतर डॉक्टर ज्यांच्या फाइलकडे बघून घसा खाकरतात आणि "एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या" म्हणतात, त्या सगळ्या बायका ढकलल्या जात जात शेवटी ताईच्या दारात येऊन थांबतात. कुणाचं ब्लडप्रेशर छताला टेकलेलं, कुणाची साखर हाताबाहेर गेलेली, कुणाच्या पोटात जुळी आणि दोघांत मिळून वार एकच, कुणाच्या पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला. बाहेरच्या बाकांवर या बायका पोटाशी हात धरून बसतात. बाजूला त्यांचे नवरे पाण्याच्या बाटल्या धरून बसतात, कारण त्यांना दुसरं काही धरायला दिलेलं नसतं. समोर दुधी काचेचं दार. काचेतून दिसत काही नाही, पण आवाज चढला की सगळं ऐकू येतं.

"मीठ बंद म्हणजे काय सांगितलं होतं मी? वेफर्सचं पाकीट पर्समध्ये बंद, असं सांगितलं होतं?"

"नाही, मॅडम."

"मग हे काय वाजतंय पर्समध्ये, पैंजण?"

किंवा, "आराम कर म्हटलं तर ही बया माळ्यावरच्या पेट्या काढते. उद्या पोट दुखलं की माझ्याकडे येऊन रडायचं नाही. त्या पेट्यांपुढे रड."

पेशंट तिला समोर मॅडम म्हणतात आणि मागे तोफ. आमचे मेहुणे तिला काहीच म्हणत नाहीत. लग्नापासून त्यांना संधी मिळालेली नाही.

आता या तोफेची एक गंमत होती, आणि ती तिला सोडून सगळ्या बाकांना ठाऊक होती. ताई रागावली, की सगळं ठीक आहे असं समजायचं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं काळीज लुकलुकताना दिसलं, की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि तोंडाचं झाकण उडायचं. पण पडद्यावर काही वेगळं दिसलं, की ताई गोड व्हायची. ड्रेस कुठून घेतलास, रंग छान आहे, असं म्हणायची. मग विनोद सांगायची.

हे विनोद ती माझ्याकडून न्यायची. मी विनोदी लिहितो ही गोष्ट ताईने आयुष्यात तेवढ्याच कामासाठी मनावर घेतली. "दोन-तीन दे. साधे दे. तुझ्या पुस्तकातले नकोत, हसायला येईल असे दे," असं फोनवर सांगायची. मी तिला एकदा दाताच्या डॉक्टरचा जुना, वापरून वापरून गुळगुळीत झालेला विनोद दिला. एक माणूस म्हणतो, घाई आहे, भूलबिल काही नको, दात उपटा. डॉक्टर म्हणतो, शूर आहात हो, कुठला दात? माणूस बायकोला म्हणतो, दाखव गं तुझा दात. ताईच्या तोंडून तो असा बाहेर पडायचा: "एक माणूस असतो, बायकोचा दात उपटायला आलेला." विनोदाचाच दात उपटून झालेला. तरी बायका हसायच्या. तोफ विनोद सांगते म्हटल्यावर कोण हसणार नाही?

मी विचारलं होतं तिला, हे कशाला म्हणून.

"हसलं की माणूस पोटभर श्वास घेतो," ताई म्हणाली. "पुढे जे ऐकायचंय, त्याला तो पुरतो. आणि तेवढ्यात मला पडदा परत एकदा बघून घेता येतो. कधीकधी मी चुकलेली असते."

"कितीदा चुकलीस?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि दुसरा विनोद मागितला.

विनोद झाला की ती पेशंटला सांगायची, जा, मिस्टरांना आत बोलाव. दोघांना एकदम सांगायचं, असा तिचा नियम. त्यामुळे मी एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलं ते असं: दार उघडून एक मुलगी ओठांवर ओढणी दाबून हसत बाहेर आली. पहिल्यांदाच आलेली होती, बिचारीला इथली रीत माहीत नव्हती. नवऱ्याला म्हणाली, "अहो, चला ना आत. लोक उगाच काहीतरी सांगतात. केवढ्या गमतीशीर आहेत मॅडम. मला विनोद सांगितला." सगळा बाक खाली बघायला लागला. एका बाईने आपली पर्स उगाचच उघडली आणि बंद केली. ती मुलगी हसत हसत आत गेली. शेजारची जुनी पेशंट एवढंच पुटपुटली, "रागावल्या असत्या तर काय बिघडलं असतं."

तेव्हापासून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला बाक एकच विचारायचा: "रागावल्या का?"

"खूप. गाढव म्हणाल्या."

"गाढव? मग तर छानच."

ताईची सून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी मधाळ बोलणं, हे तिचं काम. "काळजी करू नका सर, आमचा माणूस पोचतोच आहे," असं ती म्हणते तेव्हा तो माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत असतो. या मुलीचं बाळ पोटात टिकत नव्हतं. आधीची दोन गेलेली. रक्तात गुठळ्या धरण्याचा दोष होता. ताईने घरचं माणूस म्हणून स्वतः हात लावला नाही, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं होतं. दोन्ही वेळा त्या शेवटपर्यंत "सगळं छान चाललंय हं" म्हणत राहिल्या.

तिसऱ्या वेळी सुनेने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "आई, या वेळी तुम्हीच बघा."

"मी घरच्यांना तपासत नाही."

"बाहेरच्या बाई गोड बोलतात. गोड आवाजाचं मला काही सांगू नका, मी तोच धंदा करते. तुम्ही मला शिव्या द्या. म्हणजे मला झोप लागेल."

ताईने मेहुण्यांकडे बघितलं. मेहुणे भातात बघत होते.

मग सुरू झालं. रक्त पातळ राहायचं इंजेक्शन रोज स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटात. पोट निळं-काळं पडलं, तरी एक चुकवलं नाही. मीठ मोजून, झोप मोजून, डाव्या कुशीवर. असला शहाणा पेशंट ताईला जन्मात मिळाला नव्हता, आणि त्यामुळे रागावायचं कशावरून हा मोठाच प्रश्न पडला. पण तोफच ती. "चप्पल वाकडी काढतेस," "खोकतेस कशाला एवढ्या जोरात," "पोट एवढं पुढे काढून चालायला तू काय मंत्री आहेस?" सून तपासणीहून बाहेर आली की तिचा चेहरा उजळलेला असायचा. आमचा भाचा, म्हणजे तिचा नवरा, विचारायचा, "काय म्हणाली आई?" ती अभिमानाने सांगायची, "मंत्री."

पाळणा घ्यायचा नाही, नाव ठरवायचं नाही, असं त्या दोघांचं ठरलं होतं. आठव्या महिन्यात भाच्याने चोरून पाळणा बघून ठेवला. मला म्हणाला, "मामा, आईने परवा तिला म्हैस म्हटलं. आता काय भीती आहे?"

त्या सकाळी सून उठली ती म्हणाली, आज लाथ मारत नाहीये. भाच्याची गाडी गॅरेजात होती, म्हणून मीच दोघांना घेऊन गेलो. रस्ताभर ती पोटाला टिचक्या मारत होती. "ऊठ रे. आजी ओरडेल," म्हणत होती.

ती आत गेली. भाचा आणि मी बाकावर बसलो. आत काय झालं ते तिथल्या सिस्टरनी मला नंतर सांगितलं. ते आधी सांगतो, कारण घडलं ते आधी.

ताईने पोटावर जेल लावली, यंत्राचं टोक टेकवलं, फिरवलं, उचललं, परत टेकवलं. मग म्हणाली, "हा ड्रेस कुठून घेतलास गं? रंग छान आहे."

सुनेने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "नको, आई."

"अगं, ऐक तर. दाताच्या डॉक्टरकडे एक माणूस..."

सुनेने झोपल्या झोपल्या हात वर केला आणि सासूच्या तोंडावर ठेवला. "विनोद नको. मला ओरडा."

ताईने यंत्राचं टोक बाजूला ठेवलं.

"ओरडा ना, आई. तो बाहेर बसलाय. दाराकडे कान लावून बसला असेल. थोडा वेळ त्याला ऐकू दे."

ताईने तिचा हात तोंडावरून काढला, आपल्या हातात घेतला आणि ओरडायला सुरुवात केली. चप्पल वाकडी झाली, खोकला झाला, मंत्री झाला. सुनेच्या चुका संपल्या, मुळात नव्हत्याच. मग ताईने इतर बायकांच्या चुका एकेक करून हिच्या पदरात टाकल्या. वेफर्स खाल्लेस. माळ्यावरच्या पेट्या काढल्यास. इंजेक्शनं चुकवलीस. पाणी पीत नाहीस, औषधं उशीखाली लपवतेस, सांगितलेलं एक ऐकत नाहीस. सून प्रत्येकाला मान हलवत होती. मध्ये ताईला दम लागला, तर ती हळूच म्हणाली, "अजून." सिस्टरनी तेवढ्यात पडदा बंद केला. करायला दुसरं काही नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

बाहेर पहिला आवाज फुटला तसा सगळ्या बाकाने श्वास सोडला. भाच्याने बाटलीचं झाकण पिळून पिळून चपटं केलं होतं, ते माझ्या हातात दिलं.

"मामा, तोफ उडाली."

"उडाली रे बाबा."

"ऐका ऐका, वेफर्स म्हणतेय. ही वेफर्स खाते? मला न देता?"

समोरच्या ब्लडप्रेशरवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "भाग्यवान आहे हो तुमची बायको. आम्हाला नुसतं वजनावरून ऐकवलं. हिला एवढं म्हणजे बाळ पैलवान असणार." दोन-तीन जणी मनापासून हसल्या. जुळ्यांवाली म्हणाली, "माझ्यावर एवढ्या ओरडल्या तर मी पेढेच वाटीन."

आवाज थांबेचना. मी ताईला लहानपणापासून ऐकत आलोय, इतका वेळ ती कुणावर ओरडलेली मला आठवत नव्हती. भाचा उठून उभा राहिला. त्याने आपल्या सासूबाईंना, म्हणजे सुनेच्या आईला, फोन लावला. सकाळपासून त्या गावी फोन मांडीवर घेऊनच बसल्या होत्या.

"सगळं ठीक आहे, आई. अहो, खरंच. विश्वास नाही बसत? थांबा, ऐकवतोच."

त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि हात उंच करून दुधी काचेपाशी धरला. आतून ताई म्हणत होती, एक गोष्ट धड करता येत नाही तुला, एक. फोनमधून सासूबाईंचं हसू आख्ख्या बाकाला ऐकू आलं. हसता हसता त्यांनी नाक ओढलं.

मग आतला आवाज थांबला. भाचा हात तसाच धरून उभा होता.

"थांबल्या का?" फोनमधून सासूबाई म्हणाल्या. "अजून ऐकवा ना, जावईबापू. फार बरं वाटतं."